चित्रकाच-खिडकीचे पूर्वरेखाटन

चित्रकाच-खिडकीचे पूर्वरेखाटन म्हणजे रंगीत काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून केलेल्या शोभेच्या खिडकीसाठी, प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी, बहुधा शिसपेन्सिलीने काढलेले लहान प्रमाणातील रेखाटन होय. खिडकीचा आकार, तिची विभागणी, मुख्य आकृती, शिशाच्या रेघांच्या दिशा आणि रंगांची योजना या गोष्टी त्यात प्रथम ठरतात. हे रेखाटन भिंतीवर टांगण्यासाठी काढलेले नसते. काच कापणाऱ्या कारागिराला, चौकट बसवणाऱ्या गवंड्याला आणि खर्च सोसणाऱ्या आश्रयदात्याला उद्देशून केलेले ते निवेदन असते. त्यामुळे त्याचा आस्वाद घेताना चित्र किती हुबेहूब आहे यापेक्षा प्रत्येक रेघेने कोणता निर्णय घेतला आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

नाव आणि संज्ञा

या कलाप्रकारासाठी मराठी लेखनात ‘चित्रकाच’ किंवा ‘रंगीत काचकाम’ असे शब्द येतात. व्यवहारात मात्र ‘स्टेन्ड ग्लास’ हाच शब्द रूढ आहे. लहान प्रमाणातील पहिल्या रेखाटनाला येथे पूर्वरेखाटन म्हटले आहे. त्यावरून खिडकीच्या प्रत्यक्ष मापाचे जे मोठे रेखाटन तयार करतात, त्याला पाश्चात्त्य परंपरेत ‘कार्टून’ म्हणतात. व्यंगचित्र हा या शब्दाचा अर्थ बराच नंतरचा, एकोणिसाव्या शतकातला आहे. मूळ अर्थ जाड कागदावरचे पूर्णाकार रेखाटन असा आहे.

‘शिसपेन्सिल’ हा शब्दही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. शिसपेन्सिलीत शिसे नसून ग्रॅफाइट असते. खिडकीत मात्र तिच्या रेघेच्या जागी खरोखरचे शिसे येते. कागदावरची बारीक काळी रेघ ही पुढे धातूची पट्टी होणार आहे, हे ध्यानात ठेवले की रेखाटन वाचण्याची अर्धी वाट सरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात थिओफिलस या भिक्षूने लॅटिन भाषेत लिहिलेल्या कारागिरीविषयक ग्रंथात चित्रकाचेची कृती सविस्तर दिली आहे. त्या काळी कागद दुर्मीळ होता. कारागीर लाकडी फळ्यावर खडूचा थर देत, त्यावर शिशाच्या किंवा कथलाच्या टोकाने आकृती आखत, कोणत्या भागात कोणता रंग यायचा ते अक्षराने लिहीत आणि त्याच फळ्यावर काच कापून जुळवत. काम संपले की फळा धुऊन पुढच्या खिडकीसाठी वापरला जाई. त्यामुळे मध्ययुगातील असंख्य खिडक्या उभ्या असल्या तरी त्यांची रेखाटने जवळजवळ नाहीशी झाली आहेत. स्पेनमधील जिरोना येथे सापडलेले चौदाव्या शतकातील आखणीचे फळे हा त्याला दुर्मीळ अपवाद आहे.

कागद सुलभ झाल्यावर लहान रेखाटन आधी करून ते आश्रयदात्याकडून मान्य करून घेण्याची पद्धत पडली. अशा मान्यताप्राप्त रेखाटनाला ‘विडिमस’ म्हणत. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आम्ही पाहिले आहे’ असा होतो. म्हणजे हे रेखाटन एका अर्थी करारपत्रही होते. ग्रॅफाइटचा वापर युरोपात सोळाव्या शतकात सुरू झाला, आणि १७९५ मध्ये फ्रान्समधील कोन्ते याने ग्रॅफाइट व चिकणमाती यांच्या मिश्रणापासून पेन्सिल करण्याची रीत शोधल्यावर कमी-अधिक कठीण पेन्सिली सहज मिळू लागल्या. सहज खोडता येणारी आणि हव्या त्या जाडीची रेघ देणारी पेन्सिल या कामाला विशेष सोयीची ठरली.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मध्ययुगीन शैलीचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा चित्रकाचेला पुन्हा बहर आला. विल्यम मॉरिस यांनी १८६१ मध्ये सहकाऱ्यांसह काढलेल्या संस्थेसाठी चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स हे आकृत्यांची रेखाटने करीत. त्या रेखाटनांत रंग बहुधा नसत. रंगांची निवड आणि शिशाच्या रेघांची योजना यांची जबाबदारी पुष्कळदा मॉरिस यांच्याकडे असे. कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधील लॉर्ड मेयो यांच्या स्मरणार्थ बसवलेली पश्चिमेकडील खिडकी (१८८०) ही बर्न-जोन्स यांच्याच आराखड्यावरून झाली. एकच खिडकी अनेक हातांतून कशी घडते, हे अशा उदाहरणांवरून समजते.

निर्मितीप्रक्रियेतील स्थान

चित्रकाचेची खिडकी साधारणपणे पुढील टप्प्यांनी तयार होते.

१. जागेची मापे घेतली जातात; खिडकीची दिशा व उंची पाहिली जाते.
२. लहान प्रमाणात पूर्वरेखाटन होते. १ : १० किंवा १ : १२ ही प्रमाणे सोयीची मानली जातात. एक फुटास एक इंच म्हणजेच १ : १२.
३. मान्यता मिळाल्यावर पूर्णाकार रेखाटन केले जाते.
४. त्यावरून केवळ कापणीच्या रेघांचा नकाशा उतरवतात आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात.
५. त्या नकाशानुसार काच कापतात. दोन तुकड्यांमध्ये शिशाच्या पट्टीच्या मधल्या कण्यासाठी सुमारे दोन मिलिमीटरची जागा सोडावी लागते.
६. चेहरा, वस्त्रांच्या चुण्या, अक्षरे असे बारीक काम काचेची पूड व धातूची भस्मे यांच्या रंगाने रंगवून भट्टीत भाजतात.
७. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांध्यांना डाख देतात, फटींत पुट्टीसारखा लेप भरतात आणि खिडकी लोखंडी गजांना तारेने बांधून चौकटीत बसवतात.

या क्रमात दुसऱ्या टप्प्यापर्यंत बदल करणे सोपे असते, कारण तेथे खर्च केवळ कागदाचा असतो. त्यानंतरचा प्रत्येक बदल महाग पडत जातो. म्हणून खिडकीविषयीचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय पूर्वरेखाटनातच झालेले आढळतात.

रेखाटनाचा आस्वाद

रेघ: साध्या चित्रात बाह्यरेषा ही आकृतीची कड दाखवते. येथे ती कड, सांधा आणि आधार अशी तिन्ही कामे करते. शिशाची रेघ मध्येच संपू शकत नाही; ती दुसऱ्या रेघेला किंवा चौकटीला मिळावीच लागते. झाडाची एखादी फांदी काचेच्या मधोमध थांबलेली दिसली, तर ती शिशाची नसून रंगवायची रेघ आहे, किंवा आखणाऱ्याचा विचार अजून पुरा झालेला नाही, असे समजावे. जाणता चित्रकार या बंधनाचाच उपयोग करून घेतो. वस्त्राची चुणी, पंखाची कड किंवा नदीचा काठ शिशाच्या वाटेवरच आणून ठेवतो, म्हणजे सांधा वेगळा जाणवत नाही.

काचेचा स्वभाव: काच सरळ किंवा मंद वळणाने चांगली तुटते. आत घुसणारा तीक्ष्ण कोपरा, खोल खाच किंवा लांब निमुळते टोक कापताना ती तडकते. म्हणून पिंपळाचे पान एकाच तुकड्यात दाखवलेले असेल, तर त्याच्या देठाजवळची खाच व शेवटचे लांब टोक यांची वाट कशी लावली आहे, हे पाहावे. तेथून एखादी जादा रेघ बाहेर काढलेली असेल, तर आखणाऱ्याला हत्याराची जाण होती असे म्हणता येते.

गज: रेखाटनात ठरावीक अंतरावर आडव्या रेघा दिसतात. वाऱ्याचा दाब व शिशाचा मऊपणा यांमुळे खिडकी फुगू नये म्हणून लागणारे ते लोखंडी गज होत. हा गज मानवाकृतीच्या डोळ्यांवरून किंवा ओठांवरून गेला तर सर्व श्रम वाया जातात. चांगल्या रेखाटनात गजांच्या जागा आधी ठरतात आणि आकृती त्यांना सांभाळून उभी राहते.

खुणा आणि टिपा: खोडलेल्या रेघा, एकावर एक काढलेली दोन वळणे, कडेला लिहिलेली रंगांची नावे, अर्ध्याच भागात पुरी केलेली नक्षी ही सर्व वाचनसामग्री आहे. खिडकी सममित असेल तर उजवी बाजू मोकळी सोडण्याची पद्धत आहे. तो आळस नसून डावी बाजू उलटून घ्यावी अशी सूचना असते. पुसट राहिलेली जुनी रेघ हे टाकून दिलेल्या पर्यायाचे चिन्ह होय. पूर्ण झालेल्या खिडकीत असा पर्याय कधीच दिसत नाही. विचार कोणत्या वाटेने गेला ते रेखाटनातच उरते, आणि हेच त्याचे स्वतःचे असे मोल आहे.

बाजू: रेखाटन सामान्यतः आतून दिसणाऱ्या दृश्याचे असते, कारण दिवसा रंग आतूनच उजळतात. बाहेरून तीच आकृती उलटी दिसते. अक्षरे किंवा मानचिन्हे असल्यास ही गोष्ट विशेष तपासावी लागते.

प्रमाणाचा हिशेब: एक नमुना

पेन्सिलीच्या रेघेची जाडी किती अर्थपूर्ण असते हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. शाळेच्या ग्रंथालयासाठी ९० सेंटिमीटर रुंद व १८० सेंटिमीटर उंच खिडकी करायची आहे असे समजू. १ : १० या प्रमाणात ती कागदावर ९ × १८ सेंटिमीटर होईल. सहा मिलिमीटर रुंदीची शिशाची पट्टी दाखवायची तर पेन्सिलीची रेघ ०.६ मिलिमीटर हवी. टोक बोथट होऊन रेघ १.२ मिलिमीटर झाली, तर ती बारा मिलिमीटरची पट्टी दाखवू लागते.

आता या खिडकीचे १५ सेंटिमीटर बाजूचे चौकोन केले, तर आतील उभ्या ५ व आडव्या ११ रेघांची एकूण लांबी १८.९ मीटर होते. सहा मिलिमीटरच्या पट्टीने खिडकीचे सुमारे ७ टक्के क्षेत्र झाकले जाते. चौकोन निम्म्या मापाचे, म्हणजे साडेसात सेंटिमीटरचे केले, तर हीच लांबी ४०.५ मीटर होते आणि सुमारे १५ टक्के प्रकाश अडतो. शिवाय वजन वाढते, डाख द्यायचे सांधे ५५ वरून २५३ होतात आणि त्या मानाने मजुरीही वाढते. नक्षी अधिक बारीक केली म्हणजे ती अधिक सुंदर होतेच असे नाही; वाचनाच्या खोलीत ती अंधारही आणू शकते. रेखाटनातील रिकाम्या जागा म्हणूनच तेथील नक्षीइतक्याच विचारपूर्वक पाहाव्या लागतात.

कागदावर न येणारी गोष्ट: प्रकाश

पूर्वरेखाटनाची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे कागदावर प्रकाश मागून येत नाही. खिडकीत निळा रंग आपल्या सीमेबाहेर पसरल्यासारखा भासतो आणि शेजारच्या रंगावर मात करतो; ठळक काळी रेघ त्याला आवर घालते. पेन्सिलीच्या रेखाटनात हा परिणाम दिसत नाही, तो अनुभवाने गृहीत धरावा लागतो.

दिशेचाही विचार करावा लागतो. उत्तर युरोपातील ढगाळ आकाशासाठी ठरवलेली फिकट काच खानदेशात डोळे दिपवू शकते. अमळनेर, धुळे, जळगाव या भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर थेट ऊन आत येते. त्या वेळी खिडकीबरोबर तिची रंगीत छाया जमिनीवर व समोरच्या भिंतीवर पडते. भर उन्हाळ्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने दक्षिणेच्या खिडकीत ऊन फारसे शिरत नाही. हिवाळ्यात मात्र ते तिरपे होऊन खोलवर येते. रेखाटनाच्या कोपऱ्यात दिशेचा बाण किंवा ‘पश्चिम’ असा शब्द आढळल्यास तो सजावटीचा भाग नसून रंगयोजनेची किल्ली असते.

महाराष्ट्रातील चित्रकाच

महाराष्ट्रात चित्रकाचेची महत्त्वाची उदाहरणे प्रामुख्याने मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील इमारतींत आहेत. कुलाब्यातील अफगाण चर्च १८५८ मध्ये विधिपूर्वक खुले झाले. त्यातील खिडक्या इंग्लंडमधील विल्यम वेल्स यांच्या कार्यशाळेच्या आहेत. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई टॉवर यांची पायाभरणी १८६९ मध्ये झाली आणि काम १८७८ मध्ये पूर्ण झाले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून केले. ते स्वतः भारतात कधी आले नाहीत. समुद्रापलीकडून आलेल्या कागदांवरून येथील कारागिरांनी वास्तू उभारली. रेखाटन हे निवेदन असते, या विधानाचा याहून ठळक पुरावा सापडणे कठीण.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्थानकाचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पूर्ण झाले. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या या वास्तूच्या सजावटीत जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली सर ज. जी. कला विद्यालयातील विद्यार्थ्यांचा सहभाग होता. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या विद्यालयात रेखांकन हा शिक्षणाचा पाया होता. स्थानकाचा समावेश २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

या मोठ्या वास्तूंखेरीज जुन्या वाड्यांत व बंगल्यांत दारावरच्या अर्धवर्तुळाकार भागात लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्या काचा बसवलेल्या आढळतात. तेथे शिशाऐवजी लाकडी पट्ट्यांची चौकट असते. अशा कामात सुतार गुण्या, कंपास आणि सूत यांच्या साह्याने लाकडावरच आखणी करतो. पुढे रंधा फिरला की ती आखणी नाहीशी होते. थिओफिलसच्या धुतल्या जाणाऱ्या फळ्याशी या रीतीचे साम्य उघड आहे.

खानदेशालगतचा संदर्भ: अजिंठा

खानदेशातील विद्यार्थ्याला शोभेच्या खिडकीचे जवळचे आणि फार प्राचीन उदाहरण अजिंठ्याला पाहायला मिळते. वाघूर नदीच्या खोऱ्यातील ही लेणी जळगावपासून सुमारे साठ किलोमीटरवर आहेत. पाचव्या शतकातील लेणी क्रमांक १९ व २६ यांच्या दर्शनी भागावरील घोड्याच्या नालेच्या आकाराचे चैत्यगवाक्ष हे मुळात लाकडी बांधकामातील कमानीचे दगडातले रूप आहे. आतील स्तूपावर प्रकाश पडतो तो येथूनच. लेणी क्रमांक २९ हे चैत्यगृह अपुरे राहिले आहे. अशा अपुऱ्या लेण्यांतून काम कोणत्या क्रमाने चाले हे कळते. पूर्ण झालेल्या शिल्पात लपून राहणारी ही माहिती आहे, आणि पेन्सिलीच्या अपुऱ्या रेखाटनाचे महत्त्वही याच जातीचे आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे रंग जेथे उडाले आहेत, तेथेही खालच्या तांबड्या रेघा काही ठिकाणी दिसतात.

रेखाटने नष्ट झाली की काय गमावले जाते, हेही अजिंठ्याच्या इतिहासातून शिकता येते. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे खपून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. गिल यांचे १८७९ मध्ये निधन झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे. पुढे ग्रिफिथ्स यांनी कला विद्यालयातील विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमधील संग्रहालयाच्या आगीत गेल्या. प्रतिकृती ही कलाकृतीनंतर होते आणि पूर्वरेखाटन आधी, हा फरक खरा. तथापि मूळ कलाकृती झिजते किंवा फुटते, तेव्हा दोन्ही कागदांना साक्षीदाराचे स्थान प्राप्त होते.

शालेय शिक्षणातील उपयोग

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत संकल्पचित्र हा विषय असतो. दिलेल्या आकारात घटकांची मांडणी, पुनरावृत्ती, समतोल व रंगसंगती साधणे ही त्याची अंगे चित्रकाचेच्या पूर्वरेखाटनातही असतात. भेद इतकाच की संकल्पचित्र कागदावर पूर्ण होते, तर पूर्वरेखाटन काचेत पूर्ण व्हायचे असते. पूर्ण केलेल्या संकल्पचित्रावर पारदर्शक कागद ठेवून ‘ही आकृती काचेत करायची झाल्यास सांधे कोठे येतील’ अशा रेघा ओढून पाहिल्यास सौंदर्य आणि साहित्याचे बंधन यांचे नाते विद्यार्थ्याच्या लक्षात येते.

जतन

काम संपल्यावर पूर्वरेखाटन निरुपयोगी ठरले असे समजून ते टाकून देण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. परंतु दगड लागून, वादळाने किंवा शिसे थकल्याने खिडकी मोडते, त्या वेळी गेलेल्या भागात काय होते हे सांगणारा आधार बहुधा हाच कागद असतो. तो नसेल तर दुरुस्ती अंदाजावर चालते, आणि तो अंदाजच पुढे मूळ म्हणून स्वीकारला जातो.

ग्रॅफाइटची रेघ उजेडाने उडत नाही. परंतु ती पुसट होते आणि हाताळताना पसरते. रेखाटनावर दिलेले जलरंग मात्र उजेडाने फिके पडतात, म्हणून कडेला शब्दांत लिहिलेले रंगाचे नाव प्रत्यक्ष रंगछटेपेक्षा अधिक विश्वसनीय ठरू शकते. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा व ठिसूळ होतो. चिकटपट्टी व लॅमिनेशन टाळणे, कागद गुंडाळी न करता आम्लरहित कागदात सपाट ठेवणे, पावसाळी दमट हवा, कसर व वाळवी यांपासून जपणे ही किमान दक्षता होय. संग्रहालयांत अशा कागदांवरचा उजेड साधारण ५० लक्सच्या मर्यादेत ठेवतात. मूळ कागद हलवणे शक्य नसल्यास शेजारी मोजपट्टी ठेवून सरळ समोरून घेतलेले छायाचित्रही पुढील दुरुस्तीसाठी उपयोगी पडते, कारण त्यावरून प्रमाण काढता येते.

हेसुद्धा पाहा

चित्रकाच
चैत्यगवाक्ष
अजिंठा लेणी
राजाबाई टॉवर
सर ज. जी. कला विद्यालय